फांदी बांधलेली सायकल

माझं माहेर पोशेऱ्याचं आणि सासर जव्हारचं. लग्न झालं तेव्हा संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. संस्थानाच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांना आता वरून बदल्यांचे हुकूम येऊ लागले होते. हेही त्यांतलेच एक. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच यांचा हुकूम आला. मोखाडा. सासरे म्हणाले, "जवळच आहे." ज्यांना स्वतःला जायचं नसतं त्यांना सगळं जवळच असतं.

मोखाड्याला यांना राहायला खोली अशी नव्हतीच. शाळेला लागून एक पडवी होती, तिच्यात आणखी दोन मास्तर. तिथं बायकोला कुठं न्यायचं? शिवाय सासूबाईंचे गुडघे धरलेले, घरात दुसरी बाई नाही. तेव्हा ठरलं असं, की मी जव्हारात राहायचं आणि यांनी शनिवारी दुपारी शाळा सुटली की निघायचं, रविवारी घरी राहायचं, सोमवारी पहाटे परत. हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? पण ज्यानं शनिवार ठरवला त्या माणसाचे मी मनातून आभार मानले. ते सासरेच होते.

आता शनिवारी यायचं कशानं? मोटार होती, पण ती मोखाड्याहून शाळा सुटायच्या आत निघून जायची. पायी आलं तर अंधार पडायचा आणि रविवार पाय चेपण्यात जायचा. राहिली सायकल. विकत घेण्याची ऐपत नव्हती. भाड्याची सायकल देणारं सगळ्या गावात एकच दुकान होतं आणि ते आमच्या घराच्या अगदी समोर.

दुकानाचे मालक पूर्वी संस्थानाच्या मोटारखान्यात होते. मोटारी धुवायच्या, पुसायच्या, त्यांच्या पत्र्यात तोंड दिसलं पाहिजे असं ते काम. विलीनीकरणानंतर मोटारखान्यातली माणसं पांगली. त्यांनी साठवलेल्या पैशांतून जुन्या सायकली घेतल्या, रंगवल्या आणि भाड्यानं द्यायला लागले. रस्त्यापलीकडून मी रोज बघत असे. सकाळी देवपूजा व्हायच्या आधी सायकली पुसून व्हायच्या. सायकल परत आली की ते तिच्याभोवती फेरी मारत, वाकून खालून बघत, मडगार्डावर बोट फिरवत. पोरांनी त्यांना चिडवायला नाव ठेवलं होतं, ते इथं लिहीत नाही. मला मात्र त्यांचं काही वाटायचं नाही. राजाच्या मोटारी पुसलेल्या हातांना आता भाड्याच्या सायकली पुसायला मिळत होत्या, त्यांनी करावं तरी काय!

यांनी त्यांच्याकडून महिन्याच्या बोलीवर सायकल घेतली. आठवडाभर ती मोखाड्याच्या पडवीत, शनिवार ते सोमवार आमच्या ओटीवर. शनिवारी दुपारनंतर माझे कान रस्त्याकडे. सायकलची घंटी मला घंटी म्हणून कधी ऐकूच आली नाही, हे आले एवढंच ऐकू यायचं. सासूबाईंना ते कळत असे, कारण शनिवारी मी भाकरी करपवायची. करपलेली भाकरी त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

पहिल्याच महिन्यात हे एकदा आले ते कोपर सोलून. मधला घाट दोन्हीकडून ओढ्यापर्यंत उतरतो. तिथल्या उतारावर ब्रेक धरेनात, पाय घासत घासत कसेबसे थांबले म्हणे. मी कोपरावर हळद भरली. मोखाड्याच्याच वाटेवरच्या पोशेऱ्याची मी, घाट मला नवा नव्हता. आमच्याकडे भात भरलेली गाडी उतार उतरायची असली की गाडीमागं झाडाची मोठी फांदी बांधतात, पानांसकट. ती जमिनीला घासत येते आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. उतार संपला की फांदी सोडून टाकायची. खालच्या पाड्यातल्या बायका ती सरपणाला नेतात. मी यांना म्हटलं, "तुम्हीपण फांदी बांधत जा."

हे हसले. "सायकलला?"

"उतार तोच आहे ना?" मी म्हटलं.

गणित शिकवणारा माणूस, पटलेली गोष्ट नाकारायची नाही हा स्वभाव. पुढच्या शनिवारपासून फांदी बांधायला लागले आणि नीट यायला लागले. मला हायसं वाटलं. आता वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, सायकलला फांदी बांधणं हा अडाणीपणा झाला. म्हणोत बापडे. माझं माणूस आख्खं घरी येत होतं.

दिवाळीची सुट्टी लागली तसं यांनी सायकल परत केली. सुट्टीत तिचं काम नव्हतं, मग भाडं कशाला चढवा? सुट्टी संपली की पुन्हा घेऊ, असा साधा हिशोब. मी माजघराच्या खिडकीशी पणत्या पुसत बसले होते. समोर दुकानमालकांनी सायकलभोवती फेरी मारली. खाली वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

मग त्यांनी मागच्या मडगार्डाच्या आत बोटं घातली आणि चुरडलेली पानं बाहेर काढली. "हे काय हो मास्तर?"

"ऐनाची पानं," हे म्हणाले.

"ती मला दिसतायत. इथं कशी आली?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झुडपात पडलो. यांच्या तोंडून खोटं निघायचं नाही, अगदी सोयीचंसुद्धा निघायचं नाही. यांनी फांदीची सगळी हकीकत सांगितली. बायकोनं सुचवलं एवढं मात्र गाळलं. दुकानमालक ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मागचं मडगार्ड चेपलं होतं, एका बाजूचा रंग पार खरवडून पत्रा उघडा पडला होता, चाकाच्या दोन-तीन तारा तुटल्या होत्या. "सायकल आहे ही मास्तर, खटारा नव्हे!" ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात असं काही दुखलं होतं की मला खिडकीशी बसवेना.

त्यांनी नुकसानभरपाई सांगितली. ती ऐकून हे ताठ झाले.

"ब्रेक धरत असते तर फांदी बांधली असती का मी?"

"ब्रेकला काय झालंय? हे बघा." मालक सायकलवर बसले, पेठेतून एक फेरी मारून आले आणि आमच्या दारासमोर ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

"पेठेत धरतात. घाटात धरत नाहीत."

"घेताना बघून घेतली होती ना तुम्ही?"

"पेठेतच बघितली होती."

मग सुरू झालं ते दिवाळीचे दिवस पुरून उरलं. यांचं म्हणणं, झीज वेगळी आणि मोडतोड वेगळी. ब्रेकचे रबर झिजले ती मालकाची जबाबदारी. रबर झिजले म्हणून फांदी, फांदी म्हणून मडगार्ड, म्हणजे मडगार्डही मालकाचंच. फळ्यावर मांडल्यासारखं ते हे पायरीपायरीनं मांडत. मालकांचं म्हणणं एकच. सायकल नीट नेली, मोडून आणली. नुकसान भरा, मग पुन्हा सायकल मिळेल.

"नाही भरलं तर?"

"तर मोखाड्याला पायी."

"पायी जाईन," हे म्हणाले.

ते वाक्य मी आत ऐकलं आणि माझ्या हातातला करंजीचा झारा तसाच राहिला. पायी जाणारा माणूस दर शनिवारी येत नसतो. एखाद्या शनिवारी येतो, मग सणाला येतो, मग म्हणतो की आता एकदम उन्हाळ्यातच येईन. मला रडू आलं ते त्या दुकानदारासाठी नाही, मडगार्डासाठी नाही, माझ्यासाठी आलं. तळणाचा धूर होता म्हणून निभावलं.

सासऱ्यांनी गुपचूप पैसे देऊन मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण यांना सुगावा लागला. "बाबा, तुम्ही दिलेत तर मी चूक होतो असा अर्थ होईल," असं म्हणून यांनी त्यांना गळ्याची शपथ घातली. तत्त्वाचा माणूस घरात असणं फार चांगलं असतं असं लोक म्हणतात. लोकांच्या घरात तो नसतो. मी रात्री एकदा धीर करून म्हटलं, "थोडं तुम्ही घ्या, थोडं त्यांना घेऊ द्या." तर म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही गं." मला विचारायचं होतं, मग माझा प्रश्न कशाचा आहे तो तुम्हाला दिसतो का? पण लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. असं विचारायची रीत नव्हती आणि जीभही नव्हती. मी कूस बदलून झोपले.

पाडव्याला दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि लगेच रस्त्याच्या दोन बाजूंना तोंडं फिरवली. ती सायकल तशीच, दुरुस्त न करता, मालकांनी दुकानाच्या दारात पुरावा म्हणून उभी केली होती. येणारा-जाणारा थांबून मडगार्ड बघायचा आणि मग आमच्या घराकडे बघायचा.

भाऊबीजेला माझा दादा गाडी घेऊन मला न्यायला आला. हेही दोन दिवस पोशेऱ्याला येणार होते, तिथूनच पुढं मोखाड्याला. दादा बैल सोडतोय तेवढ्यात समोर पुन्हा जुंपलीच. दादानं वैरण टाकत टाकत सगळं ऐकलं. माझा दादा तोंडाचा फटकळ, पण मनात काही ठेवायचा नाही. तो रस्ता ओलांडून गेला.

"काका, फांदी त आमी सगलंच बांधतो. नाय बांधली त गाडी बैलांच्या ढुंगणावर यायची."

"ती गाडी रे बाबा! ही सायकल."

"मग भांडता क्याला? चला घाटात. रस्ता तोच हाय आमचा. तुमीच उतरून दाखवा फांदीबिगर."

पेठेतली माणसं जमलीच होती, ती हसली. मालकांना मागं फिरणं अवघड झालं. ते घरात गेले, स्वच्छ टोपी घालून आले आणि त्या चेपल्या मडगार्डाच्या सायकलवर बसले. अशी आमची वरात निघाली. गाडीत मी आणि फराळाचे डबे, पुढं दादा, बाजूनं हे पायी, आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं सायकलवाले काका. दोन्ही अंगाला खुरासणी फुलली होती, डोंगर पिवळे झाले होते. मला एरवी ते बघायला इतकं आवडतं, पण त्या दिवशी माझं लक्ष सगळं सायकलच्या मागच्या चाकाकडे.

घाटमाथ्यावर दादानं गाडी थांबवली, कोयता घेऊन ऐनाची चांगली घसघशीत फांदी तोडली आणि गाडीमागं बांधली. काकांनी तिकडं पाहिलं नाही. पूर्वी ते या घाटानं पुष्कळदा गेले होते, पण संस्थानाच्या मोटारीत बसून. त्यांनी टोपी घट्ट केली आणि निघाले.

पहिला टप्पा बरा होता. मग ब्रेकची किंचाळी ऐकू आली, मग ती थांबली आणि सायकलचा वेग वाढला. वळणाआड ते दिसेनासे झाले. "गेले काका," दादा म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. हे धावत सुटले. भांडण राहिलं बाजूला, हे असे धावले की मी यांना एवढं धावताना कधी पाहिलं नव्हतं.

वळणावर आम्ही पोचलो तर काका दरडीला टेकून उभे, सायकल धरून, छाती वरखाली होतेय. आम्हाला बघताच म्हणाले, "धरले की नाही ब्रेक?"

त्यांच्या एका पायात वहाण नव्हती. हे शोधत शोधत वर गेले आणि ती वहाण घेऊन आले. तळ घासून पातळ झालेला, भोक पडायचं तेवढं बाकी होतं. यांनी ती त्यांच्यापुढं धरली आणि फार सभ्यपणे विचारलं, "ही ब्रेकमध्येच धरायची ना?"

दादा फिसकन हसला. काका हसले नाहीत. वहाण घातली आणि पुन्हा सायकलवर टांग टाकायला निघाले. खाली खरा उतार होता, आत्ताचा काहीच नव्हता. हट्टाला पेटलेला माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक होतं, माझ्या घरात एक होताच. मी गाडीतून उतरले. सासरच्या गावचे वडीलधारे गृहस्थ, त्यांच्याशी मी आजवर तोंड वर करून बोलले नव्हते.

"काका, फांदी बांधा," मी म्हटलं. "तुमच्या घरी माणसं वाट बघत असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उताराकडे पाहिलं. "कशी बांधतात?"

दादानं दुसरी फांदी तोडून दिली. मी पदर खोचला, दोर घेतला आणि मागच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंनी बांधला, फांदी दोन हात मागं राहील असा. हे मान वाकडी करून बघत होते.

"आसाला?" हे म्हणाले.

"मग कशाला?"

"मी कॅरिअरला बांधत होतो."

फांदी कुठं बांधायची ते सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीला ती आसालाच बांधतात, लहान पोरालाही सांगावं लागत नाही. कॅरिअरला जवळ बांधलेली फांदी खड्ड्यागणिक उडाली असणार आणि मडगार्डावर बसली असणार. यांना कधी कुणी गाडीला फांदी बांधताना जवळून दाखवलंच नव्हतं. जव्हारच्या पेठेत वाढलेला माणूस.

काका फांदीसकट उतार उतरले, सावकाश, बैलगाडीच्या बरोबरीनं. धूळ उडाली ती सगळी त्यांच्या स्वच्छ टोपीवर. ओढ्याशी उतार संपला. त्यांनी उतरून सायकलभोवती फेरी मारली, वाकले, बोट फिरवलं. नवा ओरखडा नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले, "ब्रेक धरत नाहीत. खरं आहे. रबर नवे टाकतो, तुटलेल्या तारा माझ्या. पण फांदी कॅरिअरला बांधलीत तुम्ही. मडगार्ड तुमचं."

त्या माणसानं रस्त्यात उभं राहून एवढं कबूल करावं, याच्यापुढं आणखी काय हवं होतं? मी यांच्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं. यांनी घसा साफ केला, आणि मला कळलं की आता फळा येणार.

"मुळात ब्रेक धरत असते," हे म्हणाले, "तर फांदी कुठं बांधायची हा प्रश्नच उपस्थित होत नव्हता. म्हणजे कारण बघायचं झालं तर..."

काकांचा चेहरा पुन्हा मिटला. त्यांनी फांदी सोडायला घेतली. सायकल वळवून ते जव्हारकडे निघणार, आणि हे पोशेऱ्याहून मोखाड्याला पायी जाणार. तिथं पडवीत बसून यांचं म्हणणं बरोबर राहणार आणि मी जव्हारात खिडकीशी बसणार. मला सगळं समोर दिसलं. आणि मला राग आला. एवढ्या दिवसांचा, करंज्या तळतानाचा, कूस बदलून झोपल्याचा सगळा राग.

"अहो, भरून टाका मडगार्डाचं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच होता. "कारण बघत बसू नका. शनिवारी यायचंय की नाही तुम्हाला?"

दादा बैलांच्या मानेवरचं जू चाचपत बसला, त्याला काही झालं नव्हतं तरी. काका सायकलच्या हँडलकडे बघत होते. मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपल्या नवऱ्याला, भावादेखत, परक्या पुरुषादेखत, असं कुणी विचारतं का?

यांचे कान लाल झाले होते. हे माझ्याकडे बघत होते, मला वाटतं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दिवसाउजेडी इतका वेळ.

"यायचंय," हे म्हणाले, आणि खिशात हात घातला.